कुठल्या भांड्याला दिली? जुन्या बाजारातली गोधड्यांची पथारी

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, हे पुणेकरांना सांगायला नको. लोक तिथे पाने-पकडी, घड्याळं, नाणी, पितळेचे डबे बघत हिंडतात. मी गेली तेरा वर्षं तिथल्या एका पथारीवर जुन्या गोधड्या बघायला जातो. या पथारीला नाव नाही, पाटी नाही. जमिनीवर निळी ताडपत्री, एका बाजूला स्टीलच्या पातेल्यांची चळत, दुसऱ्या बाजूला जुन्या कपड्यांचा ढीग आणि मध्ये बसलेली सत्तरीची बोहारीण. सगळा बाजार तिला आक्का म्हणतो, मीही म्हणतो. जुन्या गोधड्या जमवायची आवड असलेल्यांनी मला बऱ्याचदा विचारलं की कुठून घेता, म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कशाच्या जोरावर बोलतो ते कळेल. १९७९ ते २०१४ मी लक्ष्मी रोडवर कापडाच्या दुकानात गादीवर बसलो. मांजरपाट, हरक, मलमल, पॉपलीन, इरकल हे मी डोळे मिटून बोटांनी सांगू शकतो. आणि इतकं कापड हाताखालून गेलेल्या माणसाने २०१२ च्या दिवाळीच्या आवराआवरीत स्वतःच्या आईची गोधडी दारावर आलेल्या बोहारणीला एका स्टीलच्या डब्याला देऊन टाकली. आई जाऊन वर्ष झालं होतं. गोधडीला ठिकठिकाणी भोकं पडली होती. मी ती उलगडूनसुद्धा पाहिली नाही. रात्री बायकोने विचारलं, "आईंची वाकळ कुठे आहे?" आणि तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

तीच गोधडी शोधत मी जुन्या बाजारात गेलो. तीन-चार पथाऱ्यांवर विचारलं, कुणी हसले, कुणी मान हलवली. आक्काने मात्र मला विचारलं, "कुठल्या भांड्याला दिली?"

"डब्याला. स्टीलच्या."

"मग माझी नाय ती. मी डबा देत नाय. माझी पातेली न् परात."

आईची गोधडी मिळाली नाही ती नाहीच. पण त्या एका प्रश्नामुळे मी तिथे थांबलो आणि अजून जातो आहे. आक्काला लिहिता-वाचता येत नाही. सासवड, भोर, जेजुरी, सुपे या बाजूला एसटीने फिरते, भांडी देते, कपडे घेते. प्रत्येक गोधडी तिच्या डोक्यात भांड्याने बसलेली असते. "ही दोन पातेल्यांची, सासवडच्या वाड्यातली. सून देत होती, सासू आत रडत होती." "ही परातीची, भोरची. म्हातारी एकटीच होती, झाकणपण मागत होती, दिलं." मी पहिल्या वर्षी हे सगळं वहीत लिहून घेतलं. वर्षभराने एकेका गोधडीचा फोटो दाखवून पुन्हा विचारलं. अकरा गोधड्यांपैकी अकराही तिने गाव आणि भांड्यासकट तशाच सांगितल्या. जुनी गोधडी विकणारे पुष्कळ आहेत. ती कुठल्या घरातून आली हे सांगणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही, आणि माझ्या लेखी या पथारीचा खरा माल तोच आहे.

याचं महत्त्व का, ते सांगतो. दिवे, अडकित्ते, दौती जमवणारी माणसं आपल्याकडे झाली. केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. गोधडी मात्र कुणी जपायची वस्तू मानलीच नाही. ती चिंध्यांची, गरिबाची, फाटली की बाळंतिणीच्या खोलीत, मग गोठ्यात, मग पोतेरं. गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी अंगावर घेत म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. म्हणजे सगळं सोडलेल्या माणसाचं ते वस्त्र. तिकडे अमेरिकेत १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि तेव्हापासून तिथे त्या जमवायला भलताच जोर आला. पण त्या भिंतींवरच्या बहुतेक गोधड्या कुणी शिवल्या त्या बायकांची नावं तिथे नव्हती, आणि पुढे त्यावरून बायकांनीच जाब विचारला. आपल्याकडे अजून भिंतीवर टांगायची वेळ आलेली नाही. ती येईल तेव्हा गाव आणि नाव सोबत असावं, म्हणून माझी वही.

आता प्रत्यक्ष माल. आक्काकडे दर बाजाराला दोन ते पाच गोधड्या असतात, कधी एकही नसते. यातल्या निम्म्या अलीकडच्या: टेरिकॉटचे गणवेश, नायलॉनच्या साड्या, पॉलिस्टरचा दोरा. पांघरायला जड आणि अंगाला गार. खऱ्या जुन्या, म्हणजे पूर्ण सुती, महिन्याला एखादी. ३०० रुपयांपासून १५०० पर्यंत मी घेतल्या आहेत. घासाघीस चालते, पण मी गाव-घर नीट सांगितलेल्या गोधडीवर घासाघीस करत नाही. तुम्हीही करू नका, कारण ते सांगणं फुकटात घेण्यासारखं नाही.

माझ्याकडच्या सत्तावीस गोधड्यांतली एक जरा जवळून दाखवतो. वहीत ती 'दोन पातेल्यांची, सासवड' अशी आहे. साडेपाच फूट लांब, चार फूट रुंद. वरचा थर इरकली लुगड्याचा, काठ गोमी नावाच्या नक्षीचा. मध्यभागी पदराचा लाल तुकडा लावलेला, रेशमी असल्यामुळे तोच पहिला विरला आहे. चारही कडांनी काळ्या चंद्रकळेच्या पट्ट्या. धावदोऱ्याचे टाके इंचाला सहा, बाहेरून आत चौकोनात फिरत गेलेले. डावीकडून आलेले टाके बारीक आणि उजवीकडून आलेले थोडे लांब, म्हणजे दोघी जणी समोरासमोर बसल्या होत्या. अंगणात गोधडी अंथरायची, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्याने भरलेली घागर ठेवून ताणायची आणि तिच्यावरच बसून शिवायची, हे मी आईला करताना पाहिलं आहे. उन्हाळ्यात, शेतातली कामं उरकल्यावर. माझी आई टाके लांब घालायची आणि शेजारच्या काकू तिला त्यावरून बोलायच्या.

तर या सासवडच्या गोधडीतली चंद्रकळा जळल्यासारखी झाली आहे. जुन्या काळ्या रंगात लोखंड असायचं आणि ते सुताला हळूहळू खातं. बोट लावलं की भुगा होतो. भुगा झालेल्या जागी खालचा थर डोकावतो, आणि तो लाल आहे. साधा लाल नाही. जाड, एकरंगी, बिनकाठाचा. मी तो खिडकीशी धरून बराच वेळ बघितला. माझ्या वडिलांची आत्या नेसायची ते आलवण, तसाच पोत, तसाच रंग. केशवपन केलेल्या विधवेचं वस्त्र. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी १८९६ मध्ये पुण्यात आश्रम काढला त्या काळात आमच्या पेठांतून आलवण नेसलेल्या बायका घरोघर होत्या, आणि पुढेही कितीतरी वर्षं होत्या. हे आलवण कुणाचं, ते कळायला मार्ग नाही. कुणीतरी ते फाडून, संक्रांतीला नव्या सुनेला नेसवतात त्या चंद्रकळेच्या खाली घालून शिवलं. आक्काला हे दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून सासू रडत होती." तिचं बरोबर असेल की नाही मी सांगू शकत नाही, पण मी ते वहीत लिहिलं आहे.

गोधडीचं वय ओळखायचा माझा एक नियम आहे: पोटातल्या सगळ्यात नव्या चिंधीपेक्षा गोधडी जुनी असू शकत नाही. वरची नऊवारी शंभर वर्षांची असेल, पण आतल्या थरात टेरिकॉट निघालं तर शिवण १९६०च्या नंतरचीच. म्हणून गोधडी विकत घेण्याआधी उन्हासमोर धरा. आतले थर सावल्यांसारखे दिसतात. मला अशीच एक परातीची गोधडी सापडली जिच्या पोटात आणखी एक गोधडी आहे. जुनी पार विरली तेव्हा ती फेकली नाही, तिच्यावर खालून-वरून नवे थर घालून पुन्हा शिवली. उन्हात धरलं की आतल्या टाक्यांच्या रेघा बाहेरच्या टाक्यांना तिरप्या छेदून गेलेल्या दिसतात. ती उसवून बघायचा मोह मला अनेकदा झाला. उसवली नाही आणि उसवणार नाही.

अस्तरांवरही लक्ष ठेवा. कापडाच्या ठाणाच्या, म्हणजे ताग्याच्या, टोकाला गिरणीचा शिक्का मारलेला असतो आणि काटकसरीच्या घरात ते टोकही वाया जात नसे. माझ्याकडच्या एका अस्तरावर असा अर्धा पुसट शिक्का आहे, त्यातलं 'मुंबई' एवढंच वाचता येतं. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढायला घेतली, आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी दुकानात गादीवर होतो. वर्षभरात आमच्या फळ्यांवरचं गिरणीचं कापड आटत गेलं आणि इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचं यंत्रमागाचं कापड आलं. हाताला लागतो तो फरक. आज एखाद्या चिंधीवर बोट फिरवलं की हा कपडा संपाच्या आधीचा की नंतरचा, याचा अंदाज मला येतो.

दोऱ्याची परीक्षा घरी करा, पथारीवर नको. सुटा लोंबणारा दोरा असेल तर तो कापून जाळायचा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटात विरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, कडक मणी होतो. ही परीक्षा मी एकदा फार उशिरा केली. शहरातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात (नाव देत नाही) काचेच्या कपाटात पिवळ्या दिव्याखाली एक गोधडी ठेवली होती, चिठ्ठीवर 'शंभर वर्षं जुनी' आणि ९००० रुपये. कापड खरोखर जुनं होतं, बोटं सांगत होती. घरी आणून दोरा जाळला तर मणी. जुनी लुगडी हल्ली कुणीतरी नव्याने शिवली होती. परत नेली तेव्हा दुकानदार म्हणाले, कापडाचं वय लिहिलंय, शिवणीचं नाही. पैसे मिळाले नाहीत. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते असं की ज्या बाईने अलीकडे ती इतकी सुबक शिवली, तिचंही नाव त्यांना सांगता येईना. नवीन म्हणून विकली असती तर मी आनंदाने घेतली असती.

आक्काच्या पथारीतले दोषही स्पष्ट सांगायला हवेत. पहिला, ती माल धुण्याचा सोडा टाकून उकळते. गिऱ्हाइकाला स्वच्छ हवं असतं, तिचंही बरोबर आहे. पण सोड्याने जुना रंग उतरतो आणि आधीच विरलेलं सूत अजून कमजोर होतं. माझी एक छिटाची, म्हणजे छापील सुती कापडाची, गोधडी अशीच पांढरी पडून आली. आता माझ्यासाठी ती न धुता बाजूला ठेवते, आणि न धुतलेली म्हणून ५० रुपये कमी सांगते. मी पूर्ण देतो. तुम्ही पहिल्यांदाच जाणार असाल तर आधीच्या बाजाराला सांगून ठेवा.

दुसरा दोष कात्रीचा. फार फाटलेली सुती गोधडी विकली जात नाही, मग ती चिंध्या करून किलोवर गॅरेजवाल्यांना जाते. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मला अकरा वाजले. आक्काच्या हातात कात्री आणि पुढ्यात जेजुरीची एक गोधडी, अर्धी कापून झालेली. निळी, पांढरी, मधे फेट्याच्या पट्ट्या. उरलेली अर्धी मी घेतली. कापलेल्या चिंध्या शोधायला ढिगात हात घातला तर निम्म्या आधीच गेल्या होत्या. आक्काला वाईट वाटलं, पण ती म्हणाली, "तू नाय आला तर मी काय करू भाऊ, माझं पोट हाय." तिचं खोटं नाही. ती अर्धी गोधडी मी शिवून पूर्ण केलेली नाही, कापलेली कड तशीच ठेवली आहे.

तिसरं, पावसाळ्यात जाऊ नका. ताडपत्रीखाली ओल येते आणि गोधडीला बुरशीचा वास धरतो, तो निघत नाही.

घरी आणल्यावर काय करायचं ते थोडक्यात. ढेकूण आणि कसर (कापड खाणारी कीड) यांची भीती खरी आहे. माझ्या मित्राकडे डीप फ्रीझर आहे. गोधडी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवतो, बाहेर काढल्यावर साध्या हवेला येईपर्यंत पिशवी उघडत नाही. धुवायची असेलच तर आधी पांढरा कापूस ओला करून प्रत्येक रंगावर दाबून बघा, रंग लागला तर धुणं विसरा. ठेवताना घडी घालू नका, घडीवरच सूत तुटतं. मी जुन्या धुतलेल्या मांजरपाटाच्या गुंडाळीवर गोल गुंडाळतो, प्लास्टिकमध्ये कधीच ठेवत नाही.

महाराष्ट्राबाहेर एकदाच यासाठी गेलो, कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी बायकांची 'कवंद', म्हणजे त्यांची गोधडी, बघायला. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, त्यांतले बरेच गोव्यातल्या पोर्तुगीजांकडून पळून जंगलात शिरलेले. अजून घरात कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात, त्यामुळे माझं निभावलं. त्यांची शिवणही कोपऱ्यातून सुरू होऊन कडेकडेने आत येते, आपल्यासारखीच. पण चारही कोपऱ्यांवर त्या चिंध्यांची त्रिकोणी फुलं लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंद उघडी-नागडी असं मानतात. तिथे मी शिवणाऱ्या बाईकडूनच घेतली, तिचं नाव तिच्यासमोर वहीत लिहिलं. परत आल्यावर ती वही आक्काला वाचून दाखवली. तिने फुलांवरून हात फिरवला आणि विचारलं, "हिचं नाव लिवलंय? मग त्या बाकीच्यांचं का नाय?"

त्यानंतर आक्का गोधडी घेताना विचारायला लागली आहे: कुणी शिवली? बहुतेक ठिकाणी 'आमच्या आजीने' एवढंच मिळतं, नाव कुणाला आठवत नाही. पण गेल्या दीड वर्षात वहीत सहा नावं आली. भांडं, गाव, नाव. हे आक्का पथारीवर बसून तोंडी सांगते आणि मी लिहितो, मग ती मला पुन्हा वाचायला लावते.

जाणार असाल तर रोख पैसे घ्या, तिच्या नातवाचा फोन कधी असतो कधी नसतो. सोबत जुनी चादर न्या, गोधडी त्यातच बांधा. वही न्या. सुप्याची एक परातीची गोधडी येत्या बुधवारी येणार आहे असं आक्काने सांगितलं आहे, काठ हिरवा आहे म्हणाली. ती मी घेणार नाही, माझ्याकडे आता ठेवायला जागा नाही. आठच्या आत पोहोचा, कात्री दहाला निघते.